जपानी सैनिकाचा पितळी बिल्ला वाचताना

दुसऱ्या महायुद्धातल्या जपानी सैनिकाचा ओळखबिल्ला समोर आला की पहिला प्रश्न येतो, "नाव काय लिहिलंय?" साध्या शिपायाच्या बिल्ल्यावर नाव नसते. रेजिमेंट, तिच्यातली कंपनी आणि एक क्रमांक, एवढेच असते. त्या क्रमांकासमोरचे नाव कंपनीच्या वहीत होते. ऑगस्ट १९४५ मध्ये शरणागती ठरली तेव्हा जपानी सैन्याने आपले कागद जाळायचे हुकूम काढले, आणि त्याआधी माघारीत, जंगलात, बुडालेल्या जहाजांवर गेल्या त्या वह्या वेगळ्याच. म्हणून हे काम आम्ही दोन टप्प्यांत करतो. बिल्ल्यावरून तुकडीपर्यंत खात्रीने पोहोचायचे. मग तो कुठे सापडला, कशासोबत सापडला, कोणाकडून आला यावरून माणसाच्या जितके जवळ जाता येईल तितके जायचे. पहिला टप्पा घाईने केला तर दुसरा चुकीच्या जिल्ह्यात, चुकीच्या घराच्या दारात नेऊन सोडतो.

जपानी भाषेत या बिल्ल्याला निन्शिकिह्यो म्हणतात. भूदलाचा बिल्ला लंबगोल, पितळी पत्र्याचा, सुमारे ५ सेंटिमीटर लांब आणि ३.३ सेंटिमीटर रुंद. दोन्ही टोकांना एकेक भोक. त्यातून दोरी किंवा कापडी फीत ओवून तो कपड्यांच्या आत, अंगालगत बांधत. ब्रिटिश सैन्याच्या हिरव्या अष्टकोनी आणि लाल गोल चकत्यांवर नाव, क्रमांक आणि धर्म असे. इथे धर्म नाही, रक्तगट नाही, तारीखही नाही. अधिकाऱ्याच्या बिल्ल्यावर मात्र हुद्दा आणि नाव सापडते. नौदलाचे बिल्ले फार कमी दिसतात, त्यामुळे पुढचे सगळे भूदलाबद्दल आहे.

जपान सरकारच्या आकडेवारीनुसार परदेशात, तसेच इवो जिमा आणि ओकिनावात मिळून सुमारे २४ लाख जपानी माणसे मेली, आणि त्यातल्या ११ लाखांहून अधिक जणांचे अवशेष अजून परत गेलेले नाहीत. आपल्याकडे हा विषय येतो तो मणिपूर आणि नागालँडमधून. मार्च १९४४ मध्ये तीन जपानी डिव्हिजन (प्रत्येकीत अनेक रेजिमेंट) चिंदविन नदी ओलांडून इंफाळ आणि कोहिमाकडे निघाल्या. सुमारे ३० हजार माणसे मेली, त्यातली बरीचशी उपासमारीने आणि रोगाने, जुलैनंतरच्या माघारीच्या वाटेवर. उख्रुलजवळच्या सांगशाक गावी २२ ते २६ मार्चदरम्यान त्यांना ज्यांनी अडवून धरले त्यांत ५० व्या भारतीय पॅराशूट ब्रिगेडसोबत पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियनही होती. त्यामुळे सातारा, कोल्हापूर किंवा कोकणातल्या एखाद्या घराच्या जुन्या ट्रंकेतून असा बिल्ला निघाला तर तो कसा हाताळायचा हे इथल्या माणसांनाही ठाऊक असायला हवे.

आधी घासू नका

आपल्याकडे पितळ दिसले की हात चिंचेकडे, लिंबाकडे नाहीतर घासायच्या पावडरीकडे जातो. बिल्ल्याच्या बाबतीत ही सवय सर्वांत घातक. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. आम्लाने जस्त आधी निघून जाते, मागे भुसभुशीत गुलाबीसर तांबे राहते, आणि ठशाची कड, जिच्या आधारावर चिन्ह वाचायचे असते, ती गोल होऊन जाते. नागा टेकड्यांची माती मुळात आम्लधर्मी, पाऊस भरपूर. तिथून आलेल्या बिल्ल्यावर हे काम मातीने आधीच थोडेफार केलेले असते. त्यात आपण भर घालायची नाही.

सापडल्या अवस्थेतच, मातीसकट, दोन्ही बाजूंचे फोटो घ्यायचे. शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवायची. मग ऊर्ध्वपातित पाणी, मऊ ब्रश आणि टोक बोथट केलेली बांबूची काडी. सुई, पिन, तारेचा ब्रश यांना हात लावायचा नाही, कारण सुईचा ओरखडा पुढच्या माणसाला चिन्हाची रेघ वाटतो. माती पाण्याने सैल होते. जी होत नाही ती राहू द्यायची. हिरवा घट्ट थर म्हणजे घाण नव्हे, बऱ्याचदा मूळ पृष्ठभागाची पातळी त्याच थरात टिकलेली असते. बेटांवरून, समुद्रकाठच्या मातीतून आलेल्या बिल्ल्यावर फिकट हिरवी पूड पुन्हा पुन्हा येत असेल तर आत क्लोराइड, म्हणजे पितळ खात राहणारा क्षार, आहे. तो कोरडाच ठेवायचा आणि धातूंचे जतन करणाऱ्या जाणकाराकडे द्यायचा.

ठेवायला साधी पॉलिथिनची पिशवी आणि सिलिका जेलची पुडी पुरते. पीव्हीसीचे पारदर्शक पाकीट नको, त्यातून निघणारे आम्ल पितळ खाते. रबरबँडही नको, त्यातल्या गंधकाने काळे डाग पडतात. हाताळताना हातमोजे घालावेत.

वजनही घ्यायचे. वर दिलेल्या मापाचा लंबगोल, साधारण एक मिलिमीटर जाडीचा पितळी पत्रा हिशोबाने ११ ग्रॅमच्या आसपास भरतो. गंजाने यात एखाददुसरा ग्रॅम इकडे-तिकडे होईल. पण वीसेक ग्रॅम भरला तर थांबायचे. १८३५ पासून पाडले जाणारे तेन्पो त्सूहो नावाचे जपानी नाणेही लंबगोलच असते, ४९ मिलिमीटर लांब आणि साधारण साडेवीस ग्रॅमचे. त्याच्या मधोमध चौकोनी भोक असते आणि कडा उठावदार असते. मातीने भोक बुजलेले असले की ते नाणे बिल्ला म्हणून पुढे येते.

उजेड कुठून पडतो

चिन्हे सहसा एकेक ठसा ठोकून उमटवलेली असतात, म्हणजे अक्षर खोलगट आणि त्याच्या कडेला धातू किंचित वर आलेला. समोरून फ्लॅश मारला तर काहीच दिसत नाही. कॅमेरा बरोबर वर, बिल्ल्याला समांतर धरायचा आणि एकच दिवा अगदी आडवा, पृष्ठभागाशी दहा-पंधरा अंशांचा कोन करून लावायचा. दिवा हलवत आठ दिशांनी आठ फोटो घ्यायचे. कॅमेरा आणि बिल्ला मात्र जागचा हलता कामा नये.

आठ दिशा कशाला, हा प्रश्न हमखास येतो. उजेडाच्या दिशेला समांतर असलेली रेघ सावली टाकत नाही, म्हणून ती फोटोत नाहीशी होते. जपानी आकड्यांत एक म्हणजे एक आडवी रेघ, दोन म्हणजे दोन, तीन म्हणजे तीन. दिवा डावीकडून किंवा उजवीकडून असेल तर नेमक्या या आडव्या रेघा विझतात. त्या पाहायच्या तर उजेड वरून किंवा खालून हवा. एकाच फोटोवरून वाचलेला क्रमांक आम्ही कच्चाच धरतो.

मागची बाजूही अशीच उजळून पाहायची. जोरात ठोकलेल्या चिन्हाचा अस्पष्ट उंचवटा पाठीवर आलेला असतो, आणि पुढची बाजू झिजलेली असेल तर तोच कामी येतो. पातळ कागद ठेवून पेन्सिलीने घासून घेतलेला ठसा घट्ट बिल्ल्यावर चालतो. पापुद्रे सुटत असलेल्या बिल्ल्यावर तो प्रयोग करू नये.

वर कोणते, खाली कोणते

भोके दोन्ही टोकांना असल्याने बिल्ला उलटा धरला तरी कळत नाही. एक, दोन, तीन, दहा ही चिन्हे उलटी केली तरी जवळपास तशीच दिसतात. म्हणून आकड्यांपासून सुरुवात कधी करायची नाही. आधी शोधायचे ते 'बान', म्हणजे क्रमांक दाखवणारे चिन्ह: वर फाकलेल्या रेघा आणि खाली चार खणांची चौकट. चौकट खाली आली की बिल्ला सरळ. हे झिजलेले असेल तर पायदळाचे 'हो' शोधायचे. त्याच्या खालच्या भागात डावीकडे घसरत जाणारी लांब तिरकी रेघ असते. 'चू', म्हणजे कंपनी, हे चौकटीतून आरपार गेलेल्या उभ्या रेघेचे चिन्ह ओळखायला सर्वांत सोपे, पण दिशा सांगायला तितकेसे भरवशाचे नाही, कारण उलटे केल्यावर फरक फक्त खालच्या शेपटीच्या लांबीत राहतो.

मजकूर वरून खाली आणि ओळी उजवीकडून डावीकडे. तीन ओळी असतील तर उजवीकडची रेजिमेंटची, मधली कंपनीची, डावीकडची माणसाच्या क्रमांकाची. समजा उजवीकडे 'हो, पाच, आठ' आहे, मध्ये 'चू, तीन' आणि डावीकडे 'बान, एक, दोन, चार'. म्हणजे पायदळाची ५८ वी रेजिमेंट, तिसरी कंपनी, क्रमांक १२४. आकडे बहुधा आपल्यासारखेच स्थानानुसार लिहितात, एकाखाली एक. 'पाच-दहा-आठ' अशी लांबण क्वचित. सगळेच बिल्ले पायदळाचे नसतात. 'को' हे इंजिनिअरांचे चिन्ह, दोन आडव्या रेघा आणि त्यांना जोडणारी एक उभी. ती उभी रेघ झिजली की उरतो 'दोन'चा आकडा. घोडदळाचे 'की' आणि वाहतुकीचे 'शि' ही चिन्हे इतकी गुंतागुंतीची की लहान ठशात गचका होऊन बसतो. सुरुवातीलाच, आकड्याच्या जागी न बसणारा असा गचका दिसला तर तो शस्त्रशाखेचा समजून पुढे जायचे आणि शेवटी परत यायचे.

मोबाइलवरच्या भाषांतर अ‍ॅपवर आम्ही विसंबत नाही. छापील जपानी ते चांगले वाचते, पण ठोकलेल्या, उभ्या, एकमेकांना चिकटलेल्या रेघांपुढे ते काहीतरी आत्मविश्वासाने सांगून टाकते. 'हो'चा सुटा अर्थ चालणे असा असल्याने "चाला अठ्ठावन्न" असली उत्तरे येतात आणि लोक ती संदेश म्हणून जपून ठेवतात.

१२४ की २१४

सगळ्यात जास्त वेळ जातो तो इथे. एक आणि दोन हे आकडे एकाखाली एक ठोकले की तीन आडव्या रेघा होतात. दोन आणि एक ठोकले तरी तीनच रेघा होतात. आणि तीन हा आकडा मुळात तीन रेघांचाच. म्हणजे त्याच तीन रेघा १२, २१ किंवा ३, काहीही असू शकतात. इंफाळ-कोहिमाच्या मोहिमेत हा घोळ नुसता कागदावरचा राहत नाही. तिथे १२४ वी रेजिमेंटही लढली आणि २१४ वीही. पहिली ३१ व्या डिव्हिजनची, फुकुओकातली, कोहिमाला गेलेली. दुसरी ३३ व्या डिव्हिजनची, तोचिगी प्रांतातल्या उत्सुनोमियाची, दक्षिणेकडून बिशनपूर आणि रेड हिलपर्यंत आलेली. बिल्ल्यावर दोन्हींत तीन रेघा आणि खाली चारचा आकडा.

सुटका होते ती मोजमापाने. एका माणसाने एका संचातले ठसे वापरले असतील तर प्रत्येक चिन्हाची उंची जवळपास सारखी असते. आम्ही आधी चारच्या आकड्याची उंची मोजतो, कारण ती चौकट आहे आणि स्पष्ट असते. समजा ती ४ मिलिमीटर आहे. वरच्या तिन्ही रेघा एका ४ मिलिमीटरच्या खणात बसत असतील तर तो तीन. मग रेजिमेंट ३४ वी. दोन खण व्यापत असतील तर एक आणि दोन कोणत्या क्रमाने आहेत हे अंतरावरून ठरवायचे: पहिल्या आणि दुसऱ्या रेघेतले अंतर जास्त असेल तर १२, दुसऱ्या आणि तिसऱ्यातले जास्त असेल तर २१. रेघांच्या लांबीचा दुसरा पुरावा जोडायचा. दोनमध्ये खालची रेघ लांब असते; तीनमध्ये मधली सर्वांत आखूड आणि खालची सर्वांत लांब. एकट्या लांबीवर विसंबायचे नाही, कारण 'एक' ची रेघही लांबच असते, आणि एकाखाली दोन आले की लांब, आखूड, लांब असा तीनशी जुळणारा क्रम होतो. अंतर आणि लांबी दोन्ही एकच सांगत असतील तरच नोंद पक्की.

दुसरी जोडी तीन आणि पाचची. पाचमध्येही तीन आडव्या रेघा असतात; त्यांना जोडणाऱ्या उभ्या रेघा झिजल्या की तीन उरतो. २१३ आणि २१५ या दोन्ही रेजिमेंट त्याच ३३ व्या डिव्हिजनच्या. पहिली इबाराकी प्रांतातल्या मितोची, दुसरी गुन्मातल्या ताकासाकीची. म्हणून शेवटी तीन वाचला की डावी-उजवीकडून उजेड टाकून उभ्या रेघेचा मागमूस शोधल्याशिवाय आम्ही पुढे जात नाही. त्यानंतर येतात सहा आणि आठ: दोन्हींत खाली फाकलेले दोन पाय, सहाला वर आडवी रेघ आणि टिंब. आणि सात व दहा: दोन्ही फुलीसारखे, पण सातची उभी रेघ खाली उजवीकडे वळते.

दोन माणसांनी स्वतंत्रपणे, एकमेकांचे न बघता वाचायचे आणि प्रत्येक चिन्हापुढे पक्के, शक्य किंवा अवाच्य असे लिहायचे, ही पद्धत आम्ही कधीच सोडत नाही. पहिल्याने मोठ्याने "दोन-एक-चार" म्हटले की दुसऱ्याच्या डोळ्यालाही तेच दिसू लागते.

वाचलेले पडताळून पाहणे

जपानी पायदळ रेजिमेंटमध्ये तीन बटालियन. कंपन्यांचे क्रमांक पूर्ण रेजिमेंटमध्ये सलग चालतात: १ ते ४ पहिल्या बटालियनमध्ये, ५ ते ८ दुसऱ्या, ९ ते १२ तिसऱ्या. त्यामुळे कंपनी १७ वाचली गेली तर वाचनात चूक आहे किंवा ते पायदळ नाही. कंपनीत साधारण १८० ते २०० माणसे असत, नंतर बदली आलेल्यांची भर पडे. म्हणून कंपनी लिहिलेल्या बिल्ल्यावर चार अंकी क्रमांक निघाला की पुन्हा दिवा लावायचा. कंपनी न लिहिता पूर्ण तुकडीसाठी सलग क्रमांक दिलेले असतील तर मोठा आकडा येऊ शकतो.

१९४० नंतर तुकड्यांना सांकेतिक नावे आली: डिव्हिजनचे एक चिन्ह आणि पुढे चार-पाच अंकी संख्या. टपालावर हेच असे आणि काही बिल्ल्यांवरही हेच सापडते. ३१ वी डिव्हिजन 'रेत्सु', १५ वी 'मात्सुरी', ३३ वी 'युमी'. ब्रह्मदेशातल्या बाकीच्यांपैकी १८ वी 'किकू', ५६ वी 'तात्सु', दुसरी 'इसामु', ५५ वी 'सो'. चिन्ह वाचले म्हणजे डिव्हिजन कळली. तुकडी कळायला संख्येचा प्रत्येक अंक लागतो, आणि एक अंक चुकला तर पायदळाऐवजी इस्पितळ हाती येते.

मग नकाशा. ५८ वी रेजिमेंट निइगाता प्रांतातल्या ताकादाची. ती उख्रुल आणि सांगशाकवरून कोहिमाला गेली. १३८ वी नारा प्रांताची; तिची वाट जेसामी आणि खारासोमची. १५ व्या डिव्हिजनची ५१ वी नुंगशिगुमच्या टेकडीवर लढली, ६० वीचे लोक सांगशाकला दक्षिणेकडून आले. जागा आणि रेजिमेंट जुळली तर वाचनाला बळ मिळते. जुळली नाही तर तीन शक्यता एकामागून एक तपासायच्या: वाचन चुकले, सापडल्याची जागा चुकीची सांगितली गेली, किंवा बिल्ला खरोखर हलला. गावकऱ्यांनी उचलला, सैनिकाने आठवण म्हणून खिशात टाकला, व्यापाऱ्याने दुसरीकडे विकला. खुद्द रेजिमेंटही हलत असे. १२४ वी १९४२ मध्ये ग्वादालकनालवर लढली होती, तिथे तिची फार मोठी हानी झाली, आणि मग ती ३१ व्या डिव्हिजनमध्ये आली. म्हणून १२४ वाचले म्हणजे कोहिमाच, असे लिहायचे नाही.

जागा मोहिमेशी जुळते म्हणून अंधूक आकडा त्या बाजूला झुकवायचा, हा मोह मोठा असतो. त्यासाठी वाचनाचा तक्ता आधी भरून, सही करून बाजूला ठेवतो. जागेची माहिती त्यानंतरच उघडतो.

नकली बिल्ले

बाजारात नकली पुष्कळ आहेत. साध्या शिपायाचे पूर्ण नाव, देशभक्तीची घोषणा, डावीकडून उजवीकडे आडवा मजकूर, यांतले काहीही दिसले की संशय घ्यावा. खऱ्या बिल्ल्यावर एकेक ठसा वेगळ्या जोराने, किंचित तिरका बसलेला असतो; ओतीव नकलेत सगळा मजकूर एकाच खोलीचा, कडा मऊ आणि पृष्ठभागावर बारीक खळगे. यंत्राने कोरलेल्यात रेघेच्या तळाशी समांतर ओरखडे भिंगातून दिसतात. दोरीने भोकाची बाहेरची कड झिजलेली असावी. ती धारदार असेल तर बिल्ला अंगावर कधी गेलाच नाही.

सर्वांत फसवा प्रकार म्हणजे न वापरलेला खरा बिल्ला घेऊन त्यावर आता ठोकलेली चिन्हे. पत्रा, माप, वजन सगळे बरोबर येते. इथे चिन्हाच्या तळाकडे पाहायचे: बाहेर जुना काळपट थर आणि रेघेच्या आत वेगळ्या रंगाचा ताजा धातू, किंवा आत फक्त भुकटीसारखा हिरवा रंग. चिन्हाचे वळणही मदत करते. युद्धानंतर जपानने लिपी सोपी केली. 'हो' चे जुने रूप एका रेघेने कमी आहे. नवे रूप त्यात उजवीकडे एक छोटी रेघ जास्त घेते. हाताने लिहिताना लोक दोन्ही रूपे वापरत, म्हणून एवढ्यावरून निकाल द्यायचा नाही, पण इतर खुणांसोबत ते मोजायचे.

नावाकडे जाण्याची वाट

तुकडी पक्की झाली की कागद. 'रुसु मेइबो' म्हणजे १९४५ च्या सुरुवातीच्या स्थितीनुसार केलेल्या तुकडीवार याद्या: सैनिकाचे नाव, मूळ गाव, घरी कोणाला कळवायचे त्याचे नाव आणि पत्ता. त्या आता जपानच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. त्यांत बिल्ल्याचा क्रमांक नसतो, आणि ज्यांच्या मृत्यूची नोंद आधीच झाली होती ते त्यांत सापडतीलच असे नाही. 'हेइसेकिबो' ही प्रत्येकाच्या सेवेची नोंद. भूदलाची प्रांतिक सरकारांकडे, नौदलाची आरोग्य, कामगार आणि कल्याण मंत्रालयाकडे. ती जवळच्या नातेवाइकांनाच मिळते, बाहेरच्याला नाही. रेजिमेंटच्या माजी सैनिकांनी काढलेल्या इतिहासग्रंथांत मृतांच्या कंपनीवार याद्या असतात. क्रमांक १२४ कोण हे त्या सांगत नाहीत, पण दोनशेंतून शोध पन्नासांवर आणू शकतात.

आणि इथे बिल्ल्याच्या सोबतच्या वस्तू बिल्ल्यापेक्षा मोलाच्या ठरतात. डब्याच्या झाकणावर खिळ्याने कोरलेले आडनाव, फाउंटन पेनवरचे नाव, लाकडी किंवा शिंगाचा शिक्का, चष्म्याची केस. तिसरी कंपनी आणि एक आडनाव एवढे जुळले तरी यादीत एक-दोनच माणसे उरतात. म्हणून एका जागी सापडलेल्या वस्तू कधीही वेगवेगळ्या करायच्या नाहीत, एकीला विकायचे आणि दुसरीला कपाटात ठेवायचे असे तर मुळीच नाही. अधिकाऱ्याच्या नावाबाबत एक सावधगिरी: तीच दोन चिन्हे शिन्तानी, आराया किंवा निइया अशी तीन तऱ्हांनी वाचता येतात. आपल्या नोंदीत एकच उच्चार ठोकून न देता चिन्हाचा फोटो आणि सगळे उच्चार ठेवावेत.

बिल्ल्याजवळ हाडे दिसली तर खणणे तिथेच थांबते. जागा, खोली, बिल्ला हाडांच्या कोणत्या भागाजवळ होता हे टिपून, फोटो घेऊन स्थानिक पोलिसांना कळवायचे. ही नुसती रीत म्हणून नाही: त्या डोंगरांत न फुटलेले बॉम्ब अजून निघतात, आणि हाडांची ओळख डीएनएवरून पटवायचे काम जपानचे मंत्रालय २००३ पासून करते आहे. अवशेष परत नेणे ही सरकारची जबाबदारी असल्याचे तिथल्या २०१६ च्या कायद्याने ठरवले. मोकळ्या हातांनी उचललेले, धुतलेले, पिशवीत एकत्र केलेले हाड या कामाला फारसे उरत नाही. बिल्ला कुणाच्या छातीशी होता की शेजारच्या खड्ड्यात, हे एकदा गेले की कोणत्याही प्रयोगशाळेला परत आणता येत नाही.

घरातल्या ट्रंकेतून निघालेल्या बिल्ल्याला अशी जागा नसते, पण दुसरा धागा असतो: तो आणणाऱ्या सैनिकाची स्वतःची सेवा. आजोबा कोणत्या बटालियनमध्ये होते, १९४४ मध्ये कुठे होते, हे डिस्चार्जच्या कागदावर किंवा पेन्शनच्या कागदपत्रांत सापडते. चौथ्या मराठा बटालियनच्या माणसाकडे ५८ व्या रेजिमेंटचा बिल्ला असेल तर सांगशाकशी दुवा जुळतो. घरच्यांनी ऐकलेली हकीकत ऐकली तशी, कोणाकडून ऐकली त्याच्या नावासह लिहून ठेवावी. आपले अंदाज वेगळ्या कागदावर.

मंत्रालयाला लिहायचे तर आपल्याकडून मुंबईतल्या जपानच्या महावाणिज्य दूतावासामार्फत लिहिता येते. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यातली ओबोन सोसायटी मुख्यत्वे जपानी सैनिकांनी सोबत नेलेले, सह्या केलेले झेंडे त्यांच्या घरी पोहोचवते, पण नाव असलेल्या इतर वस्तूंसाठीही तिच्याकडे विचारणा करता येते. पहिल्या पत्रासोबत मूळ बिल्ला पाठवू नये. पाठवायचे ते एवढेच: दोन्ही बाजूंचे पट्टीसह फोटो, आठ दिशांच्या उजेडातले फोटो, लांबी-रुंदी-वजन, दोघांनी वेगवेगळे केलेले वाचन जसेच्या तसे, मतभेद असतील तर त्यांसह, सापडल्याची जागा आणि ती कोणी सांगितली, सोबतच्या वस्तूंची यादी, आणि बिल्ला आपल्यापर्यंत आलेला हातोहातचा प्रवास. घर सापडले आणि त्यांनी हो म्हटले की मगच मूळ वस्तू द्यायची. काही कुटुंबे नको म्हणतात. तेव्हा बिल्ला त्याच्या नोंदीसह जपून ठेवायचा, म्हणजे पुढे कंपनीची एखादी वही कुठे उजेडात आलीच तर क्रमांक जुळवता येईल.